अकरा फुटांवरचा खडक

वडथलीच्या उकिरड्यावर अकरा फुटांखाली कठीण खडक आहे, असा शोध बोअरवाल्या नागजीभाईनं लावला. त्याची पद्धत सोपी होती. दांड्यावर घणाचे पन्नास ठोके मारूनही दांडा खाली सरकला नाही की तो वहीत ‘खडक’ लिहायचा आणि यंत्र बंद करून रकाबीत चहा ओतायचा. बापाकडून शिकलेली पद्धत, आणि सौराष्ट्रात ती बहुतेक वेळा चालूनही जाते, कारण तिथं खरोखरच खडक असतो.

राजकोटच्या माती प्रयोगशाळेतून आलेल्या चार्मीनं दांड्याच्या टोकाला अडकून वर आलेला माल ताटलीत काढला. सिमेंटचा तुकडा, सळईचं वाकडं टोक आणि निळ्या रबरी चपलेचा अंगठा.

“नागजीभाई, हा कुठल्या जातीचा खडक?”

“बेन, पन्नास ठोके झाले. चप्पल मध्ये आली त्याला मी काय करू?”

कचरा वेगळा करणाऱ्या चाळीस बायकांसाठी नगरपालिका तिथं मोठी शेड बांधणार होती. सिमेंटचे खांब, वर पत्रा, खाली यंत्रांचे पट्टे. त्या बायकांतली मोंघीबेन सकाळपासून लंगडत बोअरभोवती फिरत होती. तिनं ताटलीत डोकावून पाहिलं आणि फारसं नवल न करता सांगितलं की ही जुनी शेड आहे. अकरा वर्षांपूर्वी बांधली, चौथ्या पावसाळ्यात एका बाजूनं खचली, भिंत मोंघीबेनच्याच पायावर आली. मग साहेबलोकांनी ती पाडली, तिथंच खड्ड्यात लोटली आणि वरून पुन्हा कचरा टाकला.

चार्मीनं सिमेंट फोडून बोअर आणखी खाली नेलं. सिमेंटखाली दांडा घणाशिवाय, आपल्याच वजनानं दीड हात उतरला. प्लॅस्टिक, साड्यांच्या चिंध्या, राख, हाडं, काच. खरी माती लागली ती सात मीटर वीस सेंटीमीटरवर. सहापैकी पाच बोअर अशीच. सहावं रखवालदाराच्या खोलीपाशी होतं, तिथं मुरूम उत्तम होता. तिनं अहवालात लिहिलं: सगळं उपसा, नाहीतर शेड पुन्हा खचेल.

नगरपालिकेचे मुख्य अधिकारी जोबनपुत्रा यांनी अहवाल प्रेमानं वाचला, म्हणजे पहिलं पान. सहावं बोअर त्यांना फार आवडलं. बाकीची पाचही त्याच्याच आसपास घेता आली असती, असं त्यांनी सुचवलं. चार्मी म्हणाली, मग अहवाल रखवालदाराच्या खोलीपुरताच खरा ठरेल. ते म्हणाले, खरं-खोटं नंतर पाहू. भूमिपूजनाचं खातमुहूर्त शुक्रवारी आहे, विजय मुहूर्त, दुपारी बारा एकोणचाळीस. नगराध्यक्षांनी, म्हणजे प्रमुखांनी, ती वेळ आमदारकीच्या अर्जासारखी जपून ठेवली होती.

“बेटा, तुझ्या वहीत खडक आहे,” ते म्हणाले. “तूच लिहिलेलं तूच का खोडतेस?”

“खडक नागजीभाईंनी लिहिलाय, साहेब. त्याला सळई फुटलीय.”

“आपल्याकडचा खडक मजबूतच असतो.”

तीन वेळा अहवाल परत आला. तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं की सही दुसऱ्या प्रयोगशाळेकडूनही मिळते. ती गेटबाहेर येऊन बसली तेव्हा मोंघीबेननं तिच्यापुढे गाठियाचा कागद सरकवला. मग म्हणाली, “साहेबाला कागद दाखवून काय होणार? गोरबापाला दाखव. साहेबाची बदली होते, गोराची नाही.”

चार्मीला हे पटलं नाही. रात्रभर विचार करूनही पटलं नाही. सकाळी ती नमुन्यांची पेटी घेऊन गावचे भटजी शांतिलाल गोर यांच्या दारात उभी होती. गावातली सगळी खातमुहूर्तं त्यांच्याच हातची.

गोरबापा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पेटी उघडायला लावली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. हाड किती खोल? केस आहेत का? राख आधी की चिंध्या आधी? जोबनपुत्रांनी आठवड्याभरात एवढे विचारले नव्हते. चार्मीनं टक्केवारीसकट उत्तरं दिली.

“जमिनीत पुरलेल्या असल्या घाणीला शल्य म्हणतात,” ते म्हणाले. “बांधायच्या आधी ते शोधून काढायचं असतं. हल्ली आम्ही विधीतला तेवढा भाग गाळतो, प्रमुखांना वेळ नसतो.” झोपाळा थांबला. “मागच्या शेडच्या पूजेलाही मीच बसलो होतो. तेव्हाही गाळला.”

शुक्रवारी मांडव उभा राहिला. ईशान्य कोपऱ्यात हातभर खड्डा आधीच खणून त्यात चाळलेली लाल माती भरली होती, म्हणजे प्रमुखांचा चांदीचा मुलामा दिलेला टिकाव फोटोत डौलानं रुतावा. बारा वाजून वीस मिनिटांनी गोरबापांनी त्या मातीत दोन बोटं घातली, वास घेतला आणि ही माती कुठली, असं विचारलं. त्यांनी ती काढायला लावली.

खाली चिंध्या लागल्या. मग राख. मग गुराचा जबडा, तो नेमका प्रमुखांच्या पांढऱ्या बुटांपाशी पडला. बारा एकोणचाळीस झाले आणि सरले.

जोबनपुत्रांनी गोरबापांच्या कानाशी लागून विचारलं की यावर काही विधी असेलच.

“आहे ना,” गोरबापा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “काढून टाकणे.”

कुठवर, असं प्रमुखांनी विचारलं. गोरबापांनी मांडवाच्या कडेला उभ्या चार्मीकडे बोट केलं. तिनं आकडा सांगितला. प्रमुखांनी तिथल्या तिथं उपसण्याचा हुकूम दिला. दोष असलेल्या जमिनीवर नाव कोरून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. अहवाल मात्र त्यांनी मागितला नाही.

सोमवारी जोबनपुत्रांचा शिपाई सुधारलेला अहवाल सहीसाठी घेऊन प्रयोगशाळेत आला. तिचा तक्ता होता तसाच होता. फक्त ‘पुरलेला कचरा व बांधकामाचा राडारोडा’ खोडून तिथं ‘शल्यदोष’ टंकलेला होता, आणि हा दोष नगरपालिकेच्या दक्षतेमुळे वेळीच उघडकीस आला, असं एक वाक्य वाढवलं होतं.

चार्मीनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. उपसण्याच्या खोलीचा आकडा तिनं दोनदा तपासला. सात मीटर वीस सेंटीमीटर, चाळीस बायका उभ्या राहतील त्या सगळ्या जागेखाली. शल्यदोषाची चाचणी कुठल्या प्रमाणकात येते, हे तिनं शिपायाला विचारलं नाही. दक्षतेच्या वाक्याखालीच जागा होती, तिथं तिनं सही केली.