कुशाबाईच्या रेडिओतला आवाज

"दादा रेडिओवर बोलतो, तर आयेच्या रेडिओत का येत न्हाई?"

शंभूनं हे वडगाव रासाईत सगळ्यांना विचारलं. मास्तर हसले. दुकानदारानं सेल बदलायला सांगितलं.

मी एक फाइल बोलतेय. सातबारा ठेवायची, दोरी बांधलेली ती नव्हे, कॉम्प्युटरमधली, आवाजाची. जेमतेम अर्ध्या तासाची आहे मी, पण ताठ मानेनं सांगते, माझ्यासारखी पंचक्रोशीत दुसरी नाही.

शंभूचा थोरला भाऊ रविराज पुण्यात नोकरीला होता. दर रविवारी चार वाजता तो एका इंटरनेट रेडिओवर परदेशातल्या मराठी माणसांशी गप्पा मारायचा. त्या वेळी आई कुशाबाई आपला टेपवाला रेडिओ पुढ्यात घेऊन काटा या टोकापासून त्या टोकाला फिरवत बसायची. तिला वाटायचं, आपल्यालाच तो सापडत नाही.

म्हणून रविराजनं शंभूला एक कागद दिला. त्यावर इंग्रजीची एकच ओळ, शेवटी साठवायच्या फाइलचं नाव आणि एकचा आकडा. यवतच्या कॅफेत जायचं, कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत ती ओळ टाइप करायची, की कार्यक्रम आपोआप साठणार. शंभूनं सहावीतच शाळा सोडलेली, म्हणून रविराजनं प्रत्येक मोकळ्या जागी बाजरीचा दाणा काढला होता. दाणा आला की लांब बटण दाबायचं.

"तूच ये की घरी बोलायला!" म्हणत शंभूनं चिडून कागद खिशात कोंबला.

पुढच्याच बुधवारी रविराजच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं.

त्या रेडिओवर नवा कार्यक्रम आला नाही, तर रविवारी चारला मागचाच एकदा पुन्हा लागायचा, मग पुसला जायचा. रेडिओवाले कुठल्या देशात बसतात, हे घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. सुतकातच, त्या रविवारी, खिशातला कागद घेऊन शंभू यवतला गेला.

कॅफे सुलक्षणाताईचा. तिथं एकच फोनलाइन. कुणी रिसीव्हर उचलला की इंटरनेट तुटायचं. शंभूनं दाणे मोजत ओळ टाइप केली आणि फोन मांडीवर घेऊन बसला.

फोन करायला आलेली गिताबाई म्हणाली, "आरं, अंडी उबवतोस का काय?"

"व्हय मावशी. साडेचारला पिल्लू निघंल."

ते पिल्लू म्हणजे मी! आकडे सरकत होते, मी वाढत होते. सतराव्या मिनिटाला शंभूचे डोळे भरून आले, त्यानं बाहीनं ते पुसले, आणि तेवढ्यात गिताबाईनं रिसीव्हर उचलला.

लाइन तुटली.

शंभू गुरासारखा ओरडला. लाइन पुन्हा लागताच त्यानं तीच ओळ भराभर टाइप केली.

"थांब!" सुलक्षणाताईनं त्याचा हात धरला. "तेच नाव दिलंस तर पहिलं पुसून जाईल, शंभू. एकचं दोन कर."

त्यानं एकचं दोन केलं. असे माझे दोन तुकडे झाले. उरलेला वेळ गिताबाई दारात आडवा हात लावून उभी राहिली. एकालाही तिनं आत सोडलं नाही.

सोमवारी आईचा टेप मांडीवर घेऊन शंभू पुन्हा बसनं आला. सुलक्षणाताईनं वायर जोडून मला कोऱ्या कॅसेटवर भरलं.

संध्याकाळी घरी रविराज बोलू लागला. कार्यक्रमाची सुरुवात तो नेहमी एका लांब आरोळीनं करायचा.

कुशाबाई सावरून बसली. "आरं, ही तर माझी हाळी! मेंढ्यास्नी घालायची. ह्येनं ती साता समुद्रापल्याड नेली?"

मध्येच आवाज तुटला. "हितं काय झालं रं?"

"गिताबाईनं फोन उचलला, आये."

पाच दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

कॅफेतला तो कॉम्प्युटर पुढं भंगारात गेला. पण मी आहे. रविवारी चारला कुशाबाई मला लावते. आता काटा शोधावा लागत नाही. घरात पाहुणी पोरं नव्या गाण्यांसाठी जुन्या कॅसेटी धुंडाळतात, तरी मला कुणी पुसू शकलेलं नाही. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या दोन इवल्या खुंट्या असतात. त्या शाबूत असतील, तरच तिच्यावर दुसरं काही भरता येतं.

त्या संध्याकाळी आईचं ऐकून झाल्यावर शंभूनं खिशातून किल्ली काढली आणि त्या दोन्ही मोडून टाकल्या.