मिठीचा आवाज

डाव्या बुटाच्या टाचेतला खिळा जरासा वर आला होता... राहू दे तसाच, त्याला वाटलं, छान वाजेल. जुने लष्करी बूट चढवून तो स्टुडिओतल्या खडीने भरलेल्या चौकोनात उभा राहिला. समोर पडद्यावर कुठल्याशा जुन्या लढाईतला सैनिक आवाजाविना चालत होता, आणि त्याच्या पावलांचा आवाज काढणं हे याचं काम — जन्मभर दुसऱ्यांची पावलं वाजवायची, दुसरं काय.

सैनिक निघालाय त्या मित्राकडे, ज्याने त्याला शत्रूच्या हवाली केलं. पुढे मिठी, क्षमा, देवावरची श्रद्धा... आणि हे सगळं जगाला शिकवतोय कोण, तर काचेपलीकडे बसलेला हा दिग्दर्शक. एकेकाळचा माझा जिवलग मित्र, आमच्याच घरात जेवून मोठा झालेला. याच्या पहिल्या चित्रपटात सुरुंगाचं दृश्य घेताना माझा धाकटा भाऊ गेला, आणि चौकशीत याने देवाची शपथ घेऊन सांगितलं की मी थांबवलं होतं, त्यानेच ऐकलं नाही. साफ खोटं. यानेच पिटाळलं होतं त्याला पुढे, मी डोळ्यांनी पाहिलं होतं — पण माझं ऐकतो कोण. आई तेव्हापासून घरात याचं नाव काढू देत नाही. मग हे काम कशाला घेतलंस, तिने सकाळी विचारलं. काय सांगणार, याच्या पडद्यावरची क्षमा नासवायला चाललोय म्हणून? सैनिकाचा चेहरा रडू दे हवा तेवढा, पावलं जीव घ्यायला निघाल्यासारखी वाजली की ती मिठी कुणालाच खरी वाटणार नाही. आणि चूक कुठे झाली ते या शहाण्याला कधी सापडणारही नाही.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. तो चालू लागला, जड, दाबून, दात-ओठ खात... प्रत्येक पावलाखाली तुझा गळा आहे, ऐक... ऐकतोयस ना...

पडदा थांबला. काचेपलीकडे दिग्दर्शक पुढे वाकला. मग स्पीकरमधून हळूच,

"अरे... हे धाकट्याचं चालणं आहे."

त्याने खाली पाहिलं. डाव्या पायाखालची खडी फरपटली होती. लहानपणी मोडलेला धाकट्याचा डावा पाय असाच घासत जिन्यात वाजायचा, आणि आई आधीच दार उघडायला उठायची.

"मुद्दाम केलंस?"

"नाही."

"राहू दे. काढू नकोस." मग, "मला अजून ऐकू येतं ते."

तळपायाची आग मस्तकाला गेली. अरे, एवढं तरी आमचं राहू द्यायचंस. तो आवाज आईचा, माझा, त्यात तू कोण वाटेकरी... शिवी अगदी ओठांवर आली. पण खोटी शपथ घेतलेल्या माणसाच्या कानात इतकी वर्षं तेच पाऊल... मग हा झोपतो कसा? हे त्याला कुणालाच विचारायचं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"आता मिठी घेऊ या," स्पीकर म्हणाला.

मिठीचा आवाज एकट्यानेच काढायचा असतो. एक जाड कोट अंगात घालायचा, दुसरा छातीशी आवळायचा, कापडावर कापड घासतं. त्याने कोट घातला, दुसरा उचलला. राग होता तिथेच होता. दिवा लागला, पडद्यावरच्या सैनिकाने हात पसरले... आणि रिकामा कोट धरून तो नुसता उभा राहिला, हातातला माणूस कोण, धाकटा की काचेपलीकडचा, ते त्याला ठरवता येईना.