सोळावी भाजी

नखाएवढं पिवळं फूल.

बसलेलं टायर, देवास-सोनकच्छ रस्ता, दुपारचे तीन.

टाकळा, निवडायला काढलेला.

'हात लावला की मिटतो, पाय पाण्यात असतात.'

उद्या महालक्ष्म्यांचं जेवण.

ते मिटण्याचं वाक्य उमाबाईंच्या आजेसासूचं. महालक्ष्म्यांपुढे सोळा भाज्या लागतात, आणि या घराची सोळावी म्हणजे कवळा ही पावसाळी रानभाजी. पुण्याकडून पिढ्यांपूर्वी देवासला येताना नाव सोबत आलं, रोप मागे राहिलं. उमाबाई साठ वर्षं टाकळाच कवळा समजून रांधत आल्या. तोही पिवळा फुलतो, त्याचीही पानं मिटतात. पण संध्याकाळी, आपली आपण. आणि उगवतो कोरड्या पडीक जागेत. सोनकच्छच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या त्यांच्या सुनेला, जयाला, हे पहिल्याच वर्षी खटकलं होतं. पण खरं रोप हाती नसताना सासूबाईंना 'चुकलात' म्हणायचं कुठल्या तोंडाने?

आणि आज शाळेतून परतताना बसचं टायर बदलेपर्यंत ती सहज ओढ्याकाठी उतरली, तर समोर हे!

वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचं, पण चिमुकलं. मुळं थेट पाण्यात. जयाने बोट टेकवलं. पानं हळूच एकमेकांना चिकटली.

"मिटलं! अहो, मिटलं!" ती वर बसकडे बघून ओरडली.

"मॅडम, चलो! बस निकल रही है!" ड्रायव्हर वरून ओरडला.

"भिया, दो मिनिट! कवळा है ये, कवळा!"

"होगा! हमको देवास जाना है!"

चपला चिखलात. रिकाम्या डब्यात मुळांसकट एक रोप, वर ओंजळभर पाणी. कोवळे शेंडे पदरात. देवास येईपर्यंत तिने डब्याचं झाकण सात वेळा उघडून पाहिलं.

घरी उमाबाई टाकळाच निवडत बसल्या होत्या.

"आत्याबाई, बोट लावा," जया धापा टाकत म्हणाली.

त्यांनी लावलं. पानं मिटली. बोट तिथेच राहिलं.

"म्हणजे मी साठ वर्षं..."



उमाबाई एकदम खुदकन हसल्या. "अगं, केवढी लाजते बया! बघत काय राहिलीस? आण ते शेंडे इकडे, निवडू दे."

"आणि टाकळा?"

"साठ वर्षं पंगतीला बसलाय. त्याला आता उठवतेस का? सतरावी म्हणून वाढ."

जयाची बस त्या ओढ्यावरून अकरा वर्षं रोज दोनदा जात होती.