गोजरबाईच्या हातचं

माझी बायको गोजर वारली तेव्हा आमच्या पडवीत दशमुळाचे सात रांजण भरून ठेवलेले होते. तिनेच भरले होते. दहा मुळांचा काढा करायचा, तो गार झाला की त्यात गूळ आणि धायटीची फुलं टाकायची, मागच्या खेपेचा थोडा गाळ विरजणासारखा घालायचा, आतून तूप चोपडलेल्या रांजणात ओतून तोंड कापडाने आणि मातीने बंद करायचं. मग महिनाभर भुशात. आत बुडबुडे येतात त्याचा आवाज होतो. त्याला आम्ही रांजण बोलतो असं म्हणायचो. बोलणं थांबलं की दशमुळारिष्ट तयार झालं. बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्या माणसाला ते देतात.

तेव्हा दारूबंदी होती आणि अरिष्टात थोडी नशा असतेच. त्यामुळे काही धडधाकट माणसंही अशक्त होऊन आमच्या दारात यायची. गोजर त्यांना बाटली देत नसे. "तुले कोणतं बाळंतपण झालं बे?" असं भर अंगणात विचारायची. माणूस आल्या वाटेने परत जायचा.

हे काम आम्हा नवराबायकोला वामनरावाच्या वडिलांनी शिकवलं. ते डोणगावचे वैद्य. त्यांच्यामागे परवाना वामनरावाच्या नावावर झाला. दुकान त्याचं, बाटल्या आणि विक्री त्याची. मुळं कुटणं, चूल आणि ओझी उचलणं माझ्याकडे. रांजण गोजरचे. तिने कान लावून सांगितल्याशिवाय एकही रांजण उघडत नसे. लेबलावर वर 'वामन औषधालय, डोणगाव' असं होतं आणि खाली 'गोजरबाईच्या हातचं'. हे खालचे शब्द वामनरावाने मागाहून घातले, कारण दुकानात येणाऱ्या बाया तेच विचारायच्या. माल मेहकरला जायचा, लोणारला जायचा. त्याच्या पुढे कुठवर जातो ते मी कधी विचारलं नाही.

घरात सुतक असलं की पडवीत पाय ठेवायचा नाही, हा गोजरचा नियम. माझे वडील वारले तेव्हा तयार झालेला सगळा माल तिने सुतक फिटल्यावर उकिरड्यावर ओतायला लावला होता. वामनराव तेव्हा फार चिडला होता. ती म्हणाली, "बाळंतिणीच्या पोटात जाते ते. तुमच्या नाही." म्हणून ती गेल्यावर मी पहिलं काम केलं ते पडवीला कुलूप लावण्याचं. किल्ली करदोड्याला बांधली. वामनराव आला, माझ्या गळ्यात पडून रडला. मालाचं काही बोलला नाही. मला तेव्हा तो मोठा माणूस वाटला.

सुतकातच कय्यूम भेटायला आला. तो मालट्रक चालवतो. आमचे खोके वर्षानुवर्षं त्याच्याच ट्रकवरून जायचे. गोजर त्याला चहा दिल्याशिवाय सोडत नसे. माझी लेक कोकिळा सासरहून आली होती, तिने चहा आणून ठेवला.

"भाभीचं मले लोणारले समजलं, भाऊ," तो म्हणाला. "तुमचाच माल उतरवून राह्यलो होतो. दुकानदारानं सांगतलं. माझ्या हातातला खोका पडता पडता राह्यला."

"कोणता माल?"

"दशमुळाचा."

"जुना असंल."

"जुना कायचा, भाऊ? आदल्या दिवशी खामगावहून भरला. लेबलाची खळ वाळली नव्हती. हाताले चिकटली माझ्या."

"खामगावले आपलं काय आहे?"

कय्यूमने माझ्याकडे पाहिलं. मग कोकिळेकडे पाहिलं. टोपी काढली आणि परत घातली.

"तुमाले माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"या अल्ला," तो म्हणाला. "मी समजलो तुमीच लावून देलं. जिनिंगच्या मागं कारखाना हाय एक. ते दुसऱ्याचाबी माल बनवून देतात. तुमचा तिथंच बनते. लय दिवस झाले." तो उठला. "माझ्या तोंडाले कुलूप काऊन नाही देवानं? सुतकाच्या घरात काय बोलून बसलो मी." चहा तसाच राहिला.

मी तेरवीपर्यंत गप्प राहिलो. तेरवीला वामनराव पंगतीत बसला. मी स्वतः त्याच्या पानात वाढलं. माझ्या डोक्यात एकच होतं, की याने माझ्या बायकोला फसवलं. ती इकडे एकेक रांजण लेकरासारखा सांभाळत होती आणि हा तिच्या नावाने भलत्याच्या हातचं विकत होता. ती जिवंत असती तर तिने त्याला दुकानातून ओढून बाहेर काढलं असतं. ती नाही, तर तिच्यासाठी मीच भांडायचं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी मेहकरवरून खामगावची एस.टी. धरली.

कारखाना म्हणजे पत्र्याचं लांब शेड होतं. दारातच एक बाई टाकीजवळ बसून बाटल्या धूत होती. आतमध्ये माणसाच्या उंचीची लाकडी पिंपं ओळीने उभी होती. वास आमच्या पडवीसारखाच, पण त्यात लाकडाचा वास जास्त.

"कोण पाह्यजे?" बाईने विचारलं.

"डोणगावहून आलो. गोजरबाईचा मालक आहो मी."

बाई उठून उभी राहिली. ओले हात लुगड्याला पुसून तिने डोक्यावर पदर घेतला. आत तोंड करून ओरडली, "अवं, मास्तरणीचे मालक आले!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बसा ना भाऊ. मी सरस्वती. सांगतलं असंल ना त्यायनं माझं? कशी हाय मास्तरीणबाई? होळीच्या आधी येतो म्हणे, आल्याच नाही."

मला आधी समजलंच नाही. मला वाटलं, ही दुसऱ्या कोणाबद्दल बोलते आहे.

"कोण मास्तरीण?"

"आता घ्या! तुमचीच बायको, आन् मलेच विचारता?" आतून आणखी दोघी आल्या होत्या, त्या हसल्या. "आमी मास्तरीणच म्हणतो. त्यायनंच शिकवलं ना सारं. त्या स्टुलावर चढून पिंपाले कान लावत. एकडाव म्यानेजरसायबालेच म्हणे, हे पिंप बोलत नाही, याचं पोट दुखते, तुमी जास्तीचा गूळ चारला याले. सायेब बी हसले. दुसऱ्या कोणाची टाप होती का?" तिने एक लाकडी खुर्ची पुढे केली. "यावरच बसा. यावरच बसत त्या."

मी बसलो नाही.

"तुमाले काऊन आणत नाही म्हणून विचारलं मी," ती म्हणाली. "तर म्हणे, त्यायले एस.टी. लागते. ओकाऱ्या होतात. मंग आज कसे आले?"

मला एस.टी. कधीच लागली नाही.

"आन् भाऊ, तुमच्या तेलानं माझे गुडघे लय बरे झाले. आता जिना चढतो मी. मास्तरीण दर खेपेले आठवणीनं आणे."

ते तेल मी विमलसाठी काढत होतो. विमल माझी साळी, गोजरची बहीण, खामगावच्या पुढे वरवट बकालला दिलेली. तिचे गुडघे धरले म्हणून गोजर दोन वर्षांपासून तिच्याकडे जाऊन येत होती. मी स्वतः तिला एस.टी.त बसवायचो, भाकरी बांधून द्यायचो, खिडकीतून तेलाची बाटली द्यायचो. परत आली की विचारायचो, विमलचं कसं आहे. ती सांगायची. डाव्या पायापेक्षा उजवा जास्त दुखतो, जात्यावर बसवत नाही, नवरा चिडचिड करतो. एवढं बारीक सांगायची. मी ऐकून पुन्हा निर्गुडी आणायला रानात जायचो.

मी त्या बायांना सांगितलं, की गोजरबाई वारली. तेरवी झाली काल.

"वामनराव तर परवा येऊन गेले," सरस्वतीबाई म्हणाली. "म्हणे, जरा तब्येत नरम हाय." ती रडायला लागली. दुसऱ्याही रडल्या. माझ्या बायकोसाठी मला माहीत नसलेल्या तीन बाया रडत होत्या आणि मी परक्यासारखा उभा होतो. मी आलो होतो भांडायला. कोणाशी भांडायचं ते राहिलं नाही.

डोणगावला आलो तो सरळ वामनरावाच्या दुकानात गेलो. त्याने माझं तोंड पाहिलं आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावलं.

"जाऊन आले म्हणता खामगावले. स्टँडवर पाह्यलं लोकायनं तुमाले," तो म्हणाला.

"तिले तुमी नेलं."

"मी नाही नेलं, कडूबाभाऊ. तीच म्हणे मले. मागणी वाढली होती, चिखलीचे, जालन्याचे दुकानदार मागून राह्यले होते. मी म्हटलं, नाही पुरत तर नाही म्हणून सांगतो. तर म्हणे, नाही काऊन म्हणता? कोणाकडून करून घ्या, मी शिकवतो त्यायले. दम लागत होता तिले. रांजण हालत नव्हता तिच्यानं. तुमाले दिसलं नाही का?"

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तिनंच बजावलं होतं. म्हणे, ह्यायले सांगतलं तर हे नाहीच म्हणतील, आन् मले घरी बसवतील. तुमी काय म्हटलं असतं, खरं सांगा?"

मी नाहीच म्हटलं असतं. पण ते म्हणायला मला विचारायला तर पाहिजे होतं. तीस वर्षं एका चुलीपुढे बसलो. तिने वामनरावाला विचारलं, विमलला विचारलं असणार, खामगावच्या म्यानेजरला विचारलं. माझ्यासाठी तिने फक्त विमलचे गुडघे ठेवले.

हे मी वामनरावाला बोललो नाही. मी म्हटलं, "लेबलावरचे ते शब्द काढा."

"कोणते?"

"हातचं. तिचे हात जळाले. आता कोणाच्या हातचं?"

"ते काढले तर राह्यते काय? मुळं तर सारेच टाकतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, मलेबी एक पाह्यजे होतं. ती नेत होती डब्यात, तो गाळ. तिथले पिंपं बोलून नाही राह्यले. तिनं भरलेले सात रांजण हायेत ना तुमच्या पडवीत? माल तुमी ठेवा. गाळ तेवढा द्या."

म्हणजे ती इथून गाळही नेत होती. उरलेला गाळ उकिरड्यावर टाकला, असं मला सांगायची.

"शब्द काढा आन् गाळ न्या," मी म्हटलं.

वामनरावाने भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीला हात लावला. "काढतो," म्हणाला. "बापाची आन."

मी कुलूप काढलं. तिच्या नियमाप्रमाणे तो माल ओतून द्यायला पाहिजे होता. मी दिला नाही. पाळायला लावणारी आता कोणत्या तोंडाने बोलणार होती? कान लावून पाहिलं, रांजण गप्प होते. गाळून घेतलं आणि गावातल्या बाया आपापल्या बाटल्या घेऊन आल्या त्यांना वाटून टाकलं. खाली राहिलेला गाळ वामनराव दोन डबे भरून घेऊन गेला. रांजण मी धुऊन पालथे घातले.

वैशाखात मेहकरला काम निघालं. बाजारातल्या औषधाच्या दुकानापुढून जाताना फळीवर आमच्या बाटल्या दिसल्या. लेबल नवं होतं. शब्द तसेच होते, उलट आधीपेक्षा मोठ्या अक्षरात. आणि त्यांच्या वर गोजरचा फोटो होता.

आमच्या घरात तिचा एकही फोटो नाही. काढलाच नव्हता कधी. तेरवीला पाटावर तिचं लुगडं घडी करून ठेवलं आणि त्याला हार घातला. इथे ती त्या लाकडी खुर्चीवर बसली होती, मागे पिंप होतं. हसत होती. कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूला कोणाकडे तरी पाहून हसत होती.

दुकानात एक म्हातारी बाटली हातात घेऊन उभी होती. "बाईच्या हातचंच हाय ना हे?" ती दुकानदाराला विचारत होती. "नातीले पाह्यजे. परवा मोकळी झाली."

"फोटो पाहा ना मावशी. बाईच बसेल हाय समोर."

"तिच्या हातचं नाही ते," मी म्हटलं. "ती फाल्गुनात वारली. मी तिचा मालक आहो."

दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिला. म्हातारीने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि बाटली फळीवर ठेवली.

"मंग कोणतं देऊ लेकराच्या मायले?" तिने मला विचारलं. "तुमच्या घरी हाय का?"

"नाही."

"दुसरं सांगा एखादं."

म्हातारी तीच बाटली परत उचलून पैसे देऊन गेली. जाताना म्हणाली, "उगा जीव घाबरवला माणसाचा."

मी खिशात हात घातला. "एक मलेबी दे," दुकानदाराला म्हटलं.

"वा रे वा!" तो म्हणाला. "लोकायले नका म्हणता, आन् स्वतः नेता?"

मी पैसे ठेवले आणि बाटली धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेतली.

घरी येऊन बाटली पाण्यात बुडवून ठेवली. खळ पक्की होती, सुटायला वेळ लागला, पण कागद अखंड निघाला. तो वाळला तेव्हा फोटोखालचे शब्द मी कात्रीने कापून चुलीत टाकले. फोटो आता कोनाड्यात आहे. ती बाजूलाच पाहते. बाटली तशीच भरलेली ठेवली होती. परवा शेजारची सून बाळंत झाली, तिची सासू विचारायला आली होती, काही आहे का म्हणून. मी बाटली आणून हातात दिली. तिने विचारलं, कोणाच्या हातचं? मी म्हटलं, "खामगावचं."