हिरवा खांब

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठामागच्या पडद्यावर दोन खांब रंगवले होते. शेजारी देशाचा खुजा, करडा; आपला थेट छताला भिडलेला, हिरवागार. त्या हिरव्यात एकही पान नव्हते.

"झटक्यांवरच्या या मुळीवर शेजाऱ्यांचे शोधनिबंध किती? तीनशे! आपले? एकवीसशे!" काढेबाबांचा आवाज मधात घोळलेला. "एवढे शास्त्रज्ञ वेडे आहेत का? टाका त्या गोळ्या टोपलीत आणि घ्या माझा काढा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टोपली भरत चालली. रांगेत माझी आत्या होती. चौदा वर्षे तिचे अपस्माराचे झटके त्याच गोळ्यांनी थोपवून धरले होते.

"आत्या, घरी चल."

"गप गं! आकडा तुझ्याच ग्रंथालयातला आहे म्हणे. आता तरी विश्वास ठेव."

ते खरे होते, आणि तेच मला जाळत होते. वैद्यकीय ग्रंथालयातली शोधनिबंधांच्या नोंदींची कार्डे मीच लिहिते. गेल्या महिन्यात बाबांचा चेला खण उघडून ती मोजत बसला, तेव्हा मीच त्याला खुर्ची दिली होती.

तोच खण आज मी मुद्दाम सोबत आणला होता. तो काखोटीला मारून व्यासपीठावर चढले.

"ताई, खाली उतरा," बाबा म्हणाले. "शंकेखोराला काढा लागू पडत नाही."

"भलताच सोयीचा काढा आहे की!"

कोणीतरी फिस्कन हसले. मी आधीच वेगळी काढलेली सात कार्डे उंच धरली.

"वरची नावं वेगळी, पण निबंध एकच. शोधणाऱ्याला कुठूनही सापडावा म्हणून आम्ही प्रत्येक लेखकाच्या नावानं एक कार्ड करतो आणि मुळीच्या प्रत्येक नावानं आणखी एक. पाच लेखक, मुळीची दोन नावं. निबंधामागे सरासरी सात कार्डं पडतात. शेजारी मात्र एका निबंधाची एकदाच नोंद करतात. यांनी आपली कार्डं मोजली आणि त्यांचे निबंध. आता भागा एकवीसशेला सातानं."

"अहो, तीनशेच की!" मागून कोणी ओरडले.

"म्हणजे बरोबरीत तर आहोत!" बाबा घाईघाईने म्हणाले.

"कशात? या कार्डावर निबंधाचा निष्कर्षही लिहिलाय, वाचा."

बाबांनी हात पुढे केला नाही. केला तो आत्याने. चष्मा सावरत तिने मोठ्याने वाचले, "'मुळीने झटके थांबले नाहीत.'" मग मान वर करून म्हणाली, "काय हो, हासुद्धा तुमच्या खांबात मोजलात?"

आत्या टोपलीशी वाकली आणि पाकिटे चाळू लागली.

मी गर्दीकडे वळले. "किती लिहिलं गेलं, हे कुणी अभिमानानं सांगेल तेव्हा काय आढळलं ते विचारा. मुळीला देश कळत नाही, झटक्यालाही नाही. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका!"

"भाषण पुरे," आत्या म्हणाली. "आधी माझं पाकीट शोधू लाग. दुपारची गोळी राहिलीय."

आमच्यामागे रांग लागली. या वेळी टोपली रिकामी करायला.