बाकीचे सातही असेच

मी आठव्या नंबरचा चुंबक बोलतोय. दिसायला आगपेटीएवढा, पण ऐट मोठी.

जन्मलो तेव्हा मी नुसता दाबून भाजलेला धातूचा तुकडा होतो. मग कारखान्यात माझ्यात चुंबकत्व भरलं आणि मला ओढ लागली. लोखंड दिसलं की जीव कासावीस व्हायचा.

खोक्यातून आम्ही आठ भाऊ आणि एक जादा असे एका घरामागच्या खोलीत आलो. तिथे बापलेकीचं काम चालायचं. बाप जन्मभर मोटरींचं वाइंडिंग करत आलेला, लेक इंजिनिअर. आईला चाकाच्या खुर्चीतून अंगणातला उतार एकटीनं चढता यावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. लेक मोटर आधी कॉम्प्युटरवर चालवून पाहायची. तीही अख्खी नाही. मोटरीचा फक्त आठवा हिस्सा काढायची, त्यात एकच चुंबक, आणि म्हणायची, "बाकीचे सातही असेच." हे ऐकून मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मोटरीच्या फिरत्या भागावर, म्हणजे रोटरवर, चिकटायची वेळ आली तेव्हा मीच अडून बसलो. गोंद धरेना. लेक बाहेर गेली होती. बापानं गरम हवेची गन उचलली. "जरा शेक दिला की बसेल गुपचूप."

बसलो खरा, पण त्या शेकानं माझी निम्म्याच्या आसपास ताकद गेली. आम्हाला तोंड नसतं, नाहीतर तेव्हाच बोंब मारली असती.

मोटर तयार झाली. बाहेरून फिरवली की मोटर उलट वीज देते, म्हणून तपासायला रोटर ठरलेल्या वेगानं फिरवला. कॉम्प्युटरच्या हिशेबानं अठ्ठेचाळीस व्होल्ट यायला हवे होते. मीटर साडेपंचेचाळीसच्या पुढे सरकेना.

"माझं मॉडेलच चुकलंय," लेक म्हणाली. तीन आठवडे तिनं स्वतःलाच फैलावर घेतलं. पोलादाचे आकडे बदलले, तारेचे वेढे पुन्हा मोजले. खोक्यात उरलेला एक जादा चुंबकही तपासला, तो चोख निघाला, म्हणून आम्ही आठही चोखच असं तिनं धरलं. शेवटी तिनं लॅपटॉप मिटला.

"रेडीमेड मोटर आणू या, बाबा. मला नाही जमत हे."

"मला काही घाई नाही गं," आई दारातून म्हणाली.

"चुंबक तापून ढिला पडला असता तर आकडे जुळले असते," लेक म्हणाली. " पण आपण कुठे तापवलाय?"

बापानं हातातला पाना खाली ठेवला. "आठवा तापवलाय. मी."

"बाबा! तीन आठवडे मी मलाच मूर्ख म्हणतेय!"

"मला काय माहीत, हा शेकानं मरतो ते," तो मान खाली घालून म्हणाला. मग स्वतःच लाकडी पाचर ठोकून त्यानं मला सोडवलं आणि माझ्या जागी तो जादा चुंबक बसवला. मीटर अठ्ठेचाळीसला टेकला. लेक रडली, आणि लगेच बापावर पुन्हा चिडली.

आता मी कपाटाच्या पत्र्यावर आहे. रोज सकाळी खुर्ची उतार चढते, तिचा बारीक आवाज भिंतीतून येतो. आई वर पोहोचली की खूप बरं वाटतं, आणि हेवाही वाटतो. तिच्या मोटरीतले सातजण माझे आहेत.

पत्र्याला चिकटून राहायला काय लागतं! मोटरीत लोखंड केसभर अंतरावर असायचं, कायम ओढायचं आणि कधीच हाती लागायचं नाही. म्हणून तर आम्ही फिरायचो. शेकानं गेलेली ताकद पुन्हा भरता येते म्हणे. कुणीतरी मला तेवढं न्या. पुढच्या कुठल्याही मोटरीत घाला, कुणाच्याही खुर्चीला लावा. फक्त मला असं चिकटून ठेवू नका.