तासभर आधीचा हादरा

सरकारने अल्माटीतली घड्याळं तासभर मागे घेतली. आमच्या संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात यंत्रांनी टिपलेले हादरे नव्या वेळेने चढले, भूकंपांची यादी मात्र जुन्याच वेळेने राहिली. त्यामुळे संग्रहात जमीन सहाला हादरली आणि भूकंप सातला झाला!

"साबितआगा, घड्याळाचा घोळ आहे," मी संचालकांच्या कानीकपाळी ओरडले.

"गप गं, जानिल! याला भाकीत म्हणतात," असं म्हणून ते टीव्हीवर मुलाखत देऊन आले. मंत्र्यांनी लगेच त्यांच्या खांद्यावर मानाचा जरीचा लांब झगा, चापान, चढवला आणि विचारलं, "तासभर आधी कळलं होतं, तर लोकांना का नाही सांगितलंत?"

साबितआगांनी चापान सावरला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "घड्याळाचं काम हिच्याकडे आहे."